गोटा बोलला

बाई, हे मी थेट तुम्हालाच लिहितो आहे. मध्ये पुष्पा नाही. ती मागच्या अंगणात तुमच्या तेरवीची भाड्याची भांडी परत द्यायला काढते आहे, आणि तिचा नवरा तिच्या आईशी परस्पर बोलायला बसला आहे याची तिला खबर नाही. कळलं तर ओल्या हातानेच येईल आणि म्हणेल, "अजी, मले सांगा न, मी सांगतो बाईले." लग्न झालं तेव्हापासून ती आपल्या दोघांमधली टपालपेटी आहे. तिला वाटतं तुम्ही गेलात तरी टपाल तिच्याच हातून जायला हवं.

टेबलावर तुमची चुन्याची डबी आहे. परवा तुमची उशी उन्हात टाकताना खाली पडली, मी उचलून ठेवली. उघडून पाहिली तर आतला चुना वाळून घट्ट झालेला. नखाने उकरला तरी निघत नाही. गोट्याचा चुना होतो हे माहीत होतं, चुन्याचा परत गोटा होतो हे मला तुमच्या डबीने शिकवलं. म्हणून म्हटलं, चला, गोटा समोर आहेच, आता बोलायला हरकत नाही.

ज्यांना आपली रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगून टाकतो. तुमच्या उमरेडच्या घरी सासू जावयाशी बोलत नाही. भांडण असतं म्हणून नव्हे, मान असतो म्हणून. जावई आला की सासूने डोक्यावर पदर ओढायचा, तोंड भिंतीकडे करायचं आणि जे काय सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरा म्हणजे बहुतेक पुष्पा. पुष्पा नसली तर शेजारचं कोणी. कोणीच नसलं तर तुमची ती मांजर. लग्नानंतर पहिल्यांदा मी एकटा, माहेरी आलेल्या पुष्पाला न्यायला उमरेडला आलो, घरात तुम्ही एकट्या, आणि तुम्ही हातमागावरून उठून, पाठ करून, मांजरीला म्हणालात, "मने, जवाईबापूले सांग वं, पोट्टी बाजारात गेली. पाणी माठात हाये. आणि त्यायले म्हणा, पाटावर बसा, खाली नका बसू." मनीने माझ्याकडे पाहिलं. मी मनीला म्हणालो, "बाईंना सांग, मी बरा आहे." मनी उठून गेली. तिला आमच्या दोघांचंही पटलं नसावं.

मांजरीशी तुम्ही थेट बोलायचात, माझ्याशी नाही. पाया मात्र माझ्या पडायचात. आलो की पडायचात, निघालो की पडायचात. माझ्या आईच्या वयाची बाई वाकायला लागली की मी एक पाय मागे घ्यायचो, तुम्ही दुसरा धरायचात, आणि मी उंबरठ्यावर लंगडी घालत उभा. घरात माझा हुद्दा नेमका कोणता, देवाच्या खालचा की मांजरीच्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि अशा या आपल्या दोघांत एक वाद होता. एकच, पण टिकाऊ. पांढराई देवीच्या डोंगरावर तुम्ही माझ्याशी बोललात की नाही?

मी म्हणायचो, बोलल्या. तुम्ही भिंतीला म्हणायचात, नाही बोलली. प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला हा खटला पुन्हा उभा राहायचा. सावनेरचे साडभाऊ, म्हणजे माझे साडू, जेवता जेवता मुद्दाम विषय काढायचे. आता तुमची बाजू मांडायला तुम्ही नाही, तेव्हा दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागणार. प्रामाणिकपणे मांडतो. चुकलं तर गोटा आहेच.

मुळात तो नवस माझ्याबद्दल होता. मामंजींचा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेला, तुमचाही. थोरल्या पोरीला सावनेरकडचा शेतकरी नवरा मिळाला. माणूस सोन्यासारखा, पण उन्हाने काळा ठिक्कर पडलेला. धाकटीच्या वेळी तुम्ही पांढराईला सांगितलं, याखेपी खुर्चीवर बसणारा दे, पंख्याखालचा. दिलास तर त्या खुर्चीवाल्यालाच घेऊन वर येईन, आणि माझ्या हातचं लुगडं तुला नेसवीन. नवस बोलताना तुम्ही एका गोष्टीचा विचार केला नाही. जो माणूस दिवसभर खुर्चीवर बसतो, त्याच्या अंगात डोंगर चढण्यापुरतं काही उरत नाही. देवीने मागितलं ते दिलं, आणि वजनाने भरपूर दिलं.

नागपुरात सदर भागातल्या एका कचेरीत मी तेव्हा कारकून होतो आणि टेंपररी होतो. म्हणजे खुर्ची होती, पण तिचे दोन पाय हवेत होते. नवस फेडला नाही तर देवी खुर्ची परत घेईल, हे तुमचं ठाम मत. मी विज्ञान शिकलेला माणूस, मी हसलो. मग साहेबांनी एका टेंपररीला घरी पाठवलं, आणि मी पुष्पाला म्हणालो की बाईंची एवढी इच्छा आहे तर जाऊन येऊ.

माघातल्या एका सकाळी चांद्याकडच्या एस.टी.तून आपण तिघं उतरलो. समोर चुन्याच्या भट्ट्या, त्यांच्यामागे तो डोंगर. आसपासची झाडं, झोपड्या, कुत्री, सगळ्यांवर पांढरी पूड. डोंगरही पांढरा, पण देवळासारखा नव्हे, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा. मध्ये मध्ये फटी, मध्ये मध्ये काळं. बसमध्ये पुष्पाने मला सांगितलं होतं की लुगडं जावयाच्या अंगावरूनच वर जायला हवं आणि जावई स्वतःच्या पायांनीच वर पोचायला हवा. अर्ध्यातून फिरला तर नवस मोडला, आणि मोडलेला नवस परत बोलता येत नाही. मी डोंगराकडे पाहिलं आणि मला माझी खुर्ची फार आठवली.

तुम्ही कमरेची डबी काढली, तंबाखूला चुना लावला, डोंगराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुष्पाला म्हणालात, "पुष्पे, हा डोंगर मी जन्मभर थोडा थोडा खाल्ला. आज त्यानं मले नाही खाल्लं म्हणजे झालं."

त्या वाक्यावर मी मोठ्याने हसलो. तुम्ही पदर पुढे ओढलात. जावई सासूच्या बोलण्यावर हसला, म्हणजे त्याने ते ऐकलं, म्हणजे ते त्याच्याशी बोलल्यासारखं झालं. तेवढ्यानेही तुम्ही अवघडलात.

आणि निघालो. रीतीप्रमाणे जावई पुढे. मागे तुम्ही, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यात भाकरी, पाटवड्या, नारळ, आणि एक पाट. हो, लाकडी पाट. जावयाला जमिनीवर जेवायला बसवायचं नाही म्हणून तुम्ही उमरेडहून पाट आणला होता, आणि तो डोक्यावर घेऊन डोंगर चढत होतात. मी एकदा पुष्पाकरवी विचारलं की मी घेऊ का. उत्तर आलं, "जवाई आपला पाट आपण उचलते काय?"

थोडं वर गेल्यावर वाट फुटली. डावीकडे रुंद, मळलेली, वळसा घेऊन डोंगराच्या मागे जाणारी. उजवीकडे बारीक, सरळ वर जाणारी. कचेरीत बसणाऱ्याला शॉर्टकट दिसतोच. मी उजवीकडे वळलो. मागे तुम्ही खोकलात. मी चालत राहिलो. तुम्ही पुन्हा खोकलात, जरा जोरात. मला वाटलं, तंबाखू. तिसऱ्यांदा तर इतक्या जोरात खोकलात की वरून दोन-चार पाखरं उडाली, आणि मी मनात म्हटलं की नागपूरला गेल्यावर बाईंना डॉक्टरला दाखवायला हवं.

बाई, तो खोकला म्हणजे "जवाईबापू, रस्ता चुकला" हे अख्खं वाक्य होतं, हे मला कसं कळावं? तुम्ही त्या डोंगरावर लहानपणापासून येत होतात. डावीकडच्या वाटेने मागच्या बाजूला पायऱ्या आहेत, चांगल्या बांधलेल्या, हे तुम्हाला तुमच्या मागाइतकं ठाऊक होतं. पण जावयाला थेट बोलायचं नाही, आणि जावई चुकला असं तर कोणाकरवीही म्हणायचं नाही. आणि जिच्याकरवी निदान काहीतरी म्हणता आलं असतं ती पुष्पा चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुठेतरी मागे बसली होती. मग तुम्ही काय केलंत? डोक्यावरचा पाट सावरलात आणि चुकलेल्या जावयाच्या मागे चुकीच्या वाटेला लागलात. दुसरी कोणती बाई असती तर जावई गेला खड्ड्यात म्हणून पायऱ्यांनी वर गेली असती.

अर्ध्यावर एक गुहा लागली. तोवर पुष्पा येऊन पोचली. तुम्ही पाट मांडलात, भोवती बोटाने पाण्याची रेघ ओढलीत आणि मी त्या निर्जन डोंगरात, वटवाघळांच्या वासात, पाटावर मांडी घालून जेवलो. तुम्ही पाठ करून गुहेच्या भिंतीला म्हणत होतात, वाढ वं त्यायले, आणखी एक पाटवडी वाढ. मी नको नको म्हणत खात राहिलो. पुढे काय आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही मला वाढत होतात, याचा अर्थ मी नंतर पुष्कळ लावून पाहिला. एक अर्थ असा की तुमचा माझ्यावर फार विश्वास होता. दुसरा मी इथे लिहीत नाही.

जेवणानंतर पुष्पाने वर पाहिलं आणि सांगितलं की तिला गरगरतं, ती पाटापाशीच बसेल. मग तुम्ही लुगडं काढलंत. उमरेडी काठाचं, तुमच्या हातचं, जांभळं. पुष्पाने ते माझ्या पाठीवर बांधलं, मजुराची बाई लेकरू बांधते तसं. आणि आपण निघालो. मी वर, तुम्ही खाली, पुष्पा त्याच्याही खाली.

पहिला थोडा भाग बरा होता. चुनखडीचा दगड पाण्याने खाऊन खाऊन त्याला भोकं पडतात, पाय ठेवायला जागा असते. पण जिथे धार असते तिथे ती विळ्यासारखी असते, आणि जिथे गुळगुळीत असतं तिथे साबण. मी दोन्हींच्या मध्ये सापडलो. एका अरुंद कपारीत डावा पाय, दोन्ही हात डोक्याच्या वर कुठेतरी, पोट दगडाला चिकटलेलं आणि उजवा पाय हवेत. वर जाता येईना, खाली पाहता येईना.

इथून आपलं टपाल सुरू झालं. तुम्ही माझ्या पायाखाली हातभर अंतरावर. तुम्हाला दिसत होतं की उजव्या पायाला गुडघ्याच्या उंचीवर चांगलं भोक आहे. तुम्ही मान खाली घालून पुष्पाला ओरडून सांगितलंत, "पुष्पे, जवाईबापूले म्हणावं, उजवा पाय वर घ्या, गुडघ्याजवळ भोक हाये." हे मला स्वच्छ ऐकू आलं. पण ते मला उद्देशून नव्हतं. मी थांबलो. खालून पुष्पा ओरडली, "अजी, बाई म्हणते, उजवा पाय वर घ्या, गुडघ्याजवळ भोक हाये." मग मी पाय वर घेतला. मग मी पुष्पाला ओरडून सांगितलं, "बाईंना विचार, आता कुठे?" तुम्ही ऐकलंत, पुष्पाने विचारेपर्यंत थांबलात, मग उत्तर खाली पाठवलंत, ते पुन्हा वर आलं. माझ्या आणि माझ्या सासूच्या मध्ये हातभर हवा होती आणि आमचं बोलणं अख्खा डोंगर उतरून, परत चढून यायचं. कचेरीत शेजारच्या टेबलावरचा कागद साहेबाकडून फिरून यायचा, तसंच. मी सरावलेला माणूस, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग कडा वळला. पुष्पाचा आवाज यायचा बंद झाला. वारा सुटला. आणि मी पुन्हा अडकलो, यावेळी नीट अडकलो. डावा पाय थरथरायला लागला, शिवणयंत्राची सुई हालते तसा, आणि तो माझ्या सांगण्याने थांबेना. पाठीवरचं लुगडं वाऱ्याने फडफडत होतं. मी डोळे मिटले आणि ठरवलं की आता खाली जायचं. नवस गेला तर गेला. खुर्ची गेली तर गेली, उमरेडला येऊन माग चालवीन.

तुम्ही पुष्पाला हाक मारलीत. उत्तर नाही. मग तुम्ही समोरच्या दगडाला म्हणालात, "गोट्या, त्यायले सांग रे, खाली नका पाहू." मी दगडाचं ऐकलं. मग वर कड्यावर एक वानर बसलं होतं, त्याला सांगितलंत की त्यायले म्हणावं, मागावर कोणी पाहून पाय टाकते काय, पावडी आपली आपण पायाखाली येते. वानर गेलं. मग देवीला म्हणालात, "माय, त्याचा पाय धरून सांग तूच." आणि मग देवीची वाट न पाहता तुमचा हात माझ्या घोट्यापाशी आला.

आणि तिथे, बाई, खाली भट्ट्यांचा धूर दिसतो आहे, पायाखाली काही नाही, तुमचा स्वतःचा एक हात कुठल्याशा धारेला, अशा जागी, पायाला हात लावायचा म्हणून तुम्ही आधी नमस्कार केलात. जावयाच्या पायाला कपाळ टेकवलंत. मला घोट्यावर तुमचं कुंकू ओलं लागलं. मग पाय धरलात. मी हादरलो, आणि तो पाय आणखीच जोरात थरथरायला लागला.

त्यानंतर जे झालं त्यावर आपला वाद आहे.

मी ऐकलं ते असं. खालून आवाज आला, मोठा नाही, पुष्पा लहान असताना तिला विहिरीच्या काठावरून बोलावत असाल तसा. "उचल न गा पाय, बाबू. मी आहो न खाली."

मी पाय उचलला. तो हात त्याला घेऊन गेला आणि एका भोकात नेऊन बसवला. मग दुसरा. मग काही बोलणं नाही, नुसता हात. डावा दाबला की उजवा सोडायचा, उजवा दाबला की डावा. माझं वजन तुमच्या हातावर किती वेळ होतं मला माहीत नाही. तुमच्या तळहाताला दगडाने चिरलेलं मी वर गेल्यावर पाहिलं. तुम्ही त्यावर चुना लावलात आणि पदराखाली घेतलात.

वर पोचलो तो माथ्यावर एक म्हातारा नारळ विकत बसला होता. एक बाई कडेवर लेकरू आणि हातात छत्री घेऊन आरामात येत होती. मी कड्यावरून हातांनी, मग पोटाने, मग लुगड्यासकट वर आलो. पुढची बाजू डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी, जणू कोणी मला भिंत समजून चुना फासला होता. म्हातारा पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "तिकडून काहून आले बाप्पा? तिकडून फकस्त वानरं येते. पायऱ्या इकडं हायेत न."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही देवीकडे पाहत होतात.

पांढराई म्हणजे दोन हात उंचीचा पांढरा दगड, शेंदूर लावलेला. तुम्ही माझ्या पाठीवरून लुगडं सोडलंत, झटकलंत, तिला नेसवलंत, निऱ्या नीट केल्यात. मग हात जोडून, मला ऐकू जाईल अशा बेताने, पण तिच्याशीच बोललात. "माय, खुर्चीवाला मांगतला होता, आणला. थोडा जड निघाला, पण आपल्या पायानं आला." मग पुन्हा एक निरी सरळ केलीत. "आता खुर्ची पक्की कर."

आपण पायऱ्यांनी उतरलो. वाटेत तुम्ही खोकला नाहीत. खाली उतरून, अख्खा डोंगर वळून, पुष्पाला आणायला पुन्हा गुहेपर्यंत चढावं लागलं. ती पाटावर बसून रडून चिडली होती. तिला पहिली गोष्ट मी हीच सांगितली, की बाई माझ्याशी बोलल्या. ती तोंडाला पदर लावून तुमच्याकडे पाहायला लागली. आणि तुम्ही, ज्यांचा हात अजून रक्ताने ओला होता, गुहेच्या भिंतीला म्हणालात, "वं पुष्पे, सांग त्यायले. जवायाले कोणी पोरासारखं 'गा' म्हणते काय? मी नाही बोलली. गोटा बोलला."

बस, तेव्हापासून. परतीच्या एस.टी.त कंडक्टरने मला विचारलं की कोणत्या भट्टीवर कामाला आहे, आणि मी सांगितलं की सासूच्या. ते तुम्ही ऐकलंत, पदराआड तुमचे खांदे हालले. पण कबूल केलं नाहीत. पुढे माझी खुर्ची पक्की झाली, तुम्ही देवीचं नाव घेतलंत, मी खात्याच्या परीक्षेचं. त्यावर आपला वाद नव्हता. वाद त्या एका वाक्याचा. दिवाळीला मी सांगायचो, पोरं हसायची, साडभाऊ म्हणायचे की बाई, खरं बोला. तुम्ही कधी म्हणायचात गोटा बोलला, कधी देवी. एकदा वैतागून म्हणालात, वानर बोललं असन. पण "मी" कधी म्हणाला नाहीत. आणि मी तरी एवढा का अडून बसायचो? गंमत म्हणून, असं सगळ्यांना वाटायचं. खरं सांगू? माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर मला कोणी बाबू म्हटलं नव्हतं. एकदा ऐकलं, आणि मग सगळी वर्षं मी ते पुन्हा ऐकू येतं का म्हणून तुमच्या भिंतीपाशी उभा. हे मी तुम्हाला पुष्पाकरवी सांगू शकलो नाही. असल्या गोष्टी टपालाने जात नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर तुम्ही आजारी पडलात आणि पुष्पाने तुम्हाला नागपूरला आणलं. त्यातही भानगड होती. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून तुम्ही आयुष्यभर उमरेडहून येताना आपला लोटा भरून आणलात, माझ्या घरात आपलं पाणी प्यायलात. आता महिनाभराचं पाणी कुठून आणणार? डॉक्टर समोरच्या गल्लीत बसतो, त्यावरून तुम्ही मार्ग काढलात. पुष्पाला सांगितलंत, "हे जवायाचं घर नाही समजत मी. दवाखान्याची ओसरी समजतो." आणि ओसरीवर राहिलात, आणि आमचं पाणी दवाखान्याचं म्हणून प्यायलात. माझ्या पाया पडायला वाकता येईना म्हणून लांबूनच हात जोडायचात. माझी लंगडी घालायची सवय सुटत चालली होती.

मागच्या दारी अंगणात उतरायला पायऱ्या आहेत, चार उंच, ओबडधोबड. त्या तुम्हाला अवघड जात होत्या. मी लकडगंजात जाऊन सागाची दांडी आणली, सुताराकडून कठडा ठोकून घेतला. तुम्ही पुष्पाला म्हणालात की त्यायले सांग, लाकूड चांगलं हाये. मी पुष्पाला म्हटलं, बाईंना सांग, आवडलं हे ऐकून बरं वाटलं. पुष्पा म्हणाली की मी आता दोघांनाही पोस्टाची तिकिटं लावीन.

त्या दुपारी ती भाजीला गेली होती. मी रजेवर. तुम्ही कठडा धरून एकट्याच अंगणात उतरलात, हातपाय धुतलेत, आणि परत येताना तिसऱ्या पायरीवर अडकलात. एक हात कठड्याला, डावा पाय पायरीवर, उजवा खालीच. तो वर येईना. आणि तुमचा तो पाय थरथरत होता. मी आतून पाहिलं. मला ते थरथरणं ओळखू आलं, मीच त्याचा जुना मालक.

मी बाहेर आलो. तुम्ही पदर पुढे ओढायला गेलात, पण त्यासाठी कठडा सोडावा लागला असता, म्हणून पदर राहिला. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. पुष्पा नाही. मांजर नाही. अंगणात तुळस आणि एक पाटा-वरवंटा. मीही पाहिलं. काय सांगायचं आणि कोणाला सांगायचं, दोघांनाही सुचेना. मग मी तुमच्या बाजूने खाली उतरलो, तुमच्या मागे, तुमच्या खाली. खाली बसलो. तुमच्या पायाला हात लावायच्या आधी कपाळ टेकवलं. तुम्ही "अं अं" असं काहीतरी म्हणालात, जावयाने सासूच्या पाया पडणं ही तुमच्या रीतीत कुठेच न बसणारी गोष्ट. पण पाय मागे घेता येत नव्हता. लंगडी घालायची पाळी तुमची होती.

मी म्हणालो, "उचला न पाय, बाई. मी आहो न खाली."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मध्ये कोणी नाही.

तुमचा पाय हलका झाला. वजनच नव्हतं त्यात काही. तो मी वरच्या पायरीवर नेऊन ठेवला. मग दुसरा. डावा, उजवा. वर पोचल्यावर तुम्ही कठडा धरून जरा उभ्या राहिलात, माझ्याकडे पाठ करून, दम घेत. मला वाटलं, आता. आता बोलतील. मी हातसुद्धा पुसले नाहीत.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि पुष्पा पिशवी घेऊन आली. तिने मला पायरीवर बसलेलं पाहिलं, तुम्हाला दारात पाहिलं, आणि विचारलं, "अजी, आवाज येऊन राहिला होता. कोणाशी बोलून राहिले होते?"

मी म्हणालो, कोणाशी नाही.

तुम्ही पदर ओढलात. पण पुरता नाही, एक डोळा बाहेर राहिला, आणि तो भिंतीकडे नव्हता, पुष्पाकडे नव्हता. तो माझ्याकडे होता.

"गोटा बोलला," तुम्ही म्हणालात, आणि आत गेलात.